'प्रोटोक्लस्टर'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या 'गॅलक्सी क्लस्टर'बद्दल लिहिताना 'आकाशगंगांचे पुंजके' म्हटले तर चालेल का, आणि 'प्रोटोक्लस्टर'ला, म्हणजे अजून जमत असलेल्या क्लस्टरला, शब्द कोणता?

आकाशगंगा एकच, आपली. बाकीच्या दीर्घिका. हिंदीत 'आकाशगंगा' सरसकट चालते, ते तसेच मराठी बातमीत उतरते आणि घोळ होतो. (संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. ते आभाळात नेणाऱ्याला दाद द्यायला हवी.) पुंजका, गुच्छ हे शब्द ताऱ्यांकडेच राहू द्यावेत, कृत्तिका हा तारकागुच्छ. शेकडो-हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकमेकींशी बांधल्या गेल्या की तो दीर्घिकासमूह, आणि अशा अनेक समूहांचा महासमूह. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधनसंस्थांमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला 'सरस्वती' हा महासमूह.

खरी पंचाईत प्रोटोक्लस्टरची. अबेल २७४४ हा भरभक्कम दीर्घिकासमूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने पलीकडून येणारा प्रकाश वाकतो, उजळतो, म्हणजे तो आयते भिंगच होतो. त्या भिंगातून हबल दुर्बिणीला पार मागे काही अंधूक ठिपके दिसले होते. जेम्स वेब दुर्बिणीने त्यांचे वर्णपट घेतले, तेव्हा सात दीर्घिकांची ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश तांबड्याकडे किती सरकला ते; जितकी जास्त तितकी दीर्घिका दूर), एकच निघाली: ७.९. त्या एकाच परिसरातल्या आहेत हे २०२३ मध्ये असे पक्के झाले. आपल्याला दिसणारा त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम ६५ कोटी वर्षे होते. या सात दीर्घिकांचा समूह त्या प्रकाशात अजून जमायचा आहे. पुढे तो कोमा या भल्यामोठ्या दीर्घिकासमूहाएवढा व्हावा असा अंदाज आहे.

याला 'आद्य दीर्घिकासमूह' म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. आद्य म्हटले की मराठी कानाला 'सर्वांत पहिला' ऐकू येते, आद्य कवी म्हणतो तसे. परिभाषेत 'प्राक्समूह' नेमका आहे, पण जिभेला जड. सर्वसामान्य वाचकांसाठी मी 'घडता दीर्घिकासमूह' लिहीन. पहिल्या उल्लेखात 'होऊ घातलेला' म्हटले तरी बिघडत नाही.

आणि '६५ कोटी वर्षांपूर्वीचा समूह' असे मात्र लिहू नका. हा प्रकाश निघाला सुमारे १३०० कोटी वर्षांपूर्वी. 'विश्व ६५ कोटी वर्षांचे असतानाचा' हे लांबते खरे, पण बरोबर तेच आहे.