चारिझार्ड ‘ऐकेनासा’ का होतो?

प्रश्न असा आला आहे: “माझा आठ वर्षांचा मुलगा पोकेमॉनचे जुने भाग हिंदीतून बघतो आणि मला मराठीत गोष्ट सांगतो. परवा म्हणाला, ‘आई, चारिझार्ड आता ॲशशी अवज्ञाकारी झाला.’ मला हसू आलं, पण त्याजागी दुसरा शब्द सुचेना. बंडखोर म्हणावं तर तो बंड करत नाही. बेइमान म्हटलं की मुलगा चिडतो. मराठीत नेमकं काय म्हणायचं? आणि एवढा जीव लावणारा प्राणी मुळात असा वागायला का लागतो?”

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण शब्द कुठला घ्यायचा ते त्यावर ठरतं.

ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोकेमॉन ही कार्टून मालिका जपानमध्ये 1 एप्रिल 1997 ला सुरू झाली. पोकेमॉन म्हणजे तिच्यातले अद्भुत प्राणी; माणसं त्यांना पकडतात, पाळतात आणि एकमेकांशी लढवतात. तिच्यातल्या दहा वर्षांच्या ॲशला (जपानीत तो सातोशी) एक चारमँडर, म्हणजे चारिझार्डचं लहानपणचं रूप, सापडतो. त्याचा आधीचा मालक डेमियन त्याला ‘मी येतो, इथेच थांब’ असं सांगून एका खडकावर सोडून गेलेला असतो, आणि हे येडं भर पावसात तिथंच बसून राहिलेलं असतं. शेपटीवरची ज्योत विझली तर चारमँडर मरतो. ती विझत आलेली असताना ॲश आणि त्याचे सोबती त्याला दवाखान्यात पोचवतात. पुढे डेमियन परत मागायला येतो तेव्हा चारमँडर त्याच्यावरच आग ओकतो आणि ॲशकडे राहतो.

मग तो मोठा होतो. चारमँडरचा चारमिलियन होतो आणि त्याच दिवशी ॲशच्या तोंडावर आग सोडतो. चारमिलियनचा चारिझार्ड होतो तो एरोडॅक्टिल नावाच्या उडत्या प्राण्याशी जुंपलेली असताना. ॲशला वाटतं, हा आपल्याला सोडवायला आला. पण त्याला ॲशशी काही घेणं नसतं, त्याला फक्त त्या एरोडॅक्टिलला धडा शिकवायचा असतो.

आता आकडे बघा. चारमँडर साठ सेंटिमीटर उंचीचा, साडेआठ किलोचा. चारिझार्ड एक मीटर सत्तर, वजन साडेनव्वद किलो, वर पंख. हुकूम सोडणारा मात्र तोच दहा वर्षांचा पोरगा. प्राणी दोन पायऱ्या चढून गेला आणि मालक होता तिथेच राहिला. मालिकेत कारण दिलंय तेही हेच: एवढ्या ताकदीच्या पोकेमॉनला हाताळण्याइतकी ॲशची तयारी झालेली नाही. (ठरावीक लढती जिंकल्या की बॅज, म्हणजे बिल्ले, मिळतात. ॲशला मिळालेले काही बॅज तर धड जिंकून नव्हे, उपकाराची फेड म्हणून मिळालेले होते. चारिझार्डला हे कळत असेल असं मला उगाच वाटतं.)

ज्या व्हिडिओ गेमवरून ही मालिका निघाली त्यात हाच नियम उघड मांडलेला आहे. 1996 च्या पहिल्या गेममध्ये तुम्ही स्वतः पकडलेला पोकेमॉन कायम तुमचं ऐकतो. अदलाबदलीत दुसऱ्याकडून आलेला मात्र तुमचे बॅज बघून ऐकतो. दुसरा बॅज मिळाला की लेव्हल 30 पर्यंतचा ऐकणार, चौथा मिळाला की 50 पर्यंतचा, सहाव्याला 70, आणि आठही झाले की सगळे. त्यात गंमत अशी की असा बाहेरून आलेला पोकेमॉन लढाईत दीडपट अनुभव कमावतो, म्हणजे घरच्यापेक्षा भराभर वाढतो आणि तुमच्या आवाक्याबाहेरही लवकर जातो. तसं पाहिलं तर ॲशचा चारमँडरही बाहेरूनच आलेला, डेमियनचा. माझ्या मामाने एकदा लांबच्या बाजारातून बैल आणला होता. तब्येतीने उमदा, पण मामाचं ‘हा हा’ त्याला कळायचंच नाही. आधीच्या धन्याची बोली वेगळी असणार. मामा म्हणायचा, “बैल माझा, कान अजून त्याचे.”

आता शब्दांकडे वळू. जनावर माणसाचं ऐकत नाही, हा प्रकार मराठी मुलखाला नवा नाही. त्याच्या दर तऱ्हेला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. हत्ती बिथरतो: काहीतरी दचकवणारं घडतं आणि त्याचा ताबा सुटतो. बैल उधळतो, म्हणजे वाट फुटेल तिकडे पळत सुटतो. कुत्रं पिसाळतं, तो तर रोगच. यातलं एकही चारिझार्डला लागू नाही. तो दचकलेला नाही, पळत नाही, डोकं ठिकाणावर आहे. ‘रानटी’ तर अजिबात नको, कारण तो पूर्ण माणसाळलेला आहे. अडचण त्या माणसाळण्यानंतरची आहे.

जवळ येणारे शब्द तीन. पहिला, माजला. संस्कृत ‘माद्यति’, प्राकृत ‘मज्जइ’ आणि त्यावरून आपलं ‘माजणे’. गाय माजावर येते तोच हा माज. अंगात आलेली ताकद अंगात मावत नाही, असा त्याचा भाव. चारमिलियनला हा चपखल बसतो. वयात आलेलं खोंडच ते. दुसरा, मुजोर. हा मूळचा तोंडाचा जोर. लगाम ओढला तरी तोंड वळवत नाही तो घोडा मुजोर. हुकूम पोचतोय, ओढ जाणवतेय, तरी मान वळत नाही, हे चारिझार्डचंच वर्णन. पण आज मुजोर म्हटलं की रिक्षावाल्याशी हुज्जत, वरिष्ठांना उलट उत्तर असं डोळ्यांपुढे येतं. चारिझार्ड उलट उत्तर देत नाही, तो उत्तरच देत नाही. तिसरा, शेफारला. लाड करून डोक्यावर चढवून ठेवलेला असेल त्याला शेफारला म्हणतात. ॲशने लाड केले नव्हते, म्हणून हा बाद.

एक शब्द मात्र मला राहवत नाही म्हणून सांगतो. इंडिगो लीग नावाच्या स्पर्धेत ॲशची रिची नावाच्या मुलाशी लढत होते. चारिझार्ड एक लढाई जिंकतो. पुढची येते, समोर रिचीचा पिकाचू. ॲश घसा फोडून ओरडतोय आणि हा पठ्ठ्या भर मैदानात आडवा होऊन झोपतो. पंच ॲशला हरलेला ठरवतात. शेतकऱ्याच्या भाषेत हा बश्या बैल! गाडी चढणीला लागली की जू मानेवर असतानाच खाली बसतो तो. मारक्या बैलापेक्षा बश्या बैल वाईट, असं जुनी माणसं म्हणत. मारक्याचं शिंग दिसतं तरी, बश्या नेमका कुठे बसेल सांगता येत नाही. तुमच्या मुलाला हा शब्द जरूर द्या, आवडेल.

‘अवज्ञाकारी’ आला तो हिंदी डबिंगच्या वळणातून. शब्द संस्कृतच आहे, चूक नाही. पण मराठीत ‘अवज्ञा’चा कल अजून मूळ अर्थाकडे आहे: कमी लेखणे, किंमत न देणे. अतिपरिचयादवज्ञा म्हणतो तेव्हा कोणी कोणाचा हुकूम मोडत नसतो. हिंदीत ज्याला सविनय अवज्ञा आंदोलन म्हणतात त्याला आपण सविनय कायदेभंग म्हणतो, कारण ‘विनय ठेवून अवज्ञा’ मराठी कानाला उलटसुलट लागतं. त्या अर्थाने चारिझार्ड ॲशची अवज्ञा करतो हे वाक्य खरं आहे. तो त्याला खिजगणतीत धरत नाही. पण त्यासाठी आपल्याकडे जिवंत क्रियापद आहे: जुमानणे. हे बहुतेक नकारातच राहतं. ‘जुमानत नाही’ सर्रास ऐकू येतं, ‘तो मला फार जुमानतो’ असं कोणी म्हणत नाही.

‘बेइमान’वर मुलगा चिडतो ते बरोबर आहे. बेइमान दुसऱ्याला जाऊन मिळतो. चारिझार्ड ॲशला सोडून कुणाकडेही जात नाही. ऐकत नाही, पण राहतो त्याच्याकडेच.

तर मग काय म्हणायचं? विशेषण शोधूच नका. क्रियापद घ्या आणि तेही साधं: ऐकणे. मराठीत कानावर आवाज पडणं आणि सांगितलेलं करणं या दोन्हीला एकच शब्द आहे. जपानीतही तसंच: आज्ञा पाळायला ते ‘इउ कोतो ओ किकु’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः सांगितलेली गोष्ट ऐकणे. त्यामुळे मूळ मालिकेच्या भाषेशी इथे मराठीचं फार छान जमतं. आणि ‘पाळणे’ बघा: माणूस जनावर पाळतो, जनावर हुकूम पाळतं. एकच धातू दोन्ही बाजूंनी, म्हणजे एकाने पाळायचं थांबवलं की दुसऱ्याचं पाळणं नुसतं नावाला उरतं.

पण ‘ऐकत नाही’ एवढ्याने भागत नाही. मराठीत तीन पायऱ्या आहेत. ‘ऐकत नाही’ म्हणजे त्याचा स्वभावच तसा. ‘ऐकेना’ म्हणजे आपण सांगून थकलो, तरी हटून बसला. आणि ‘ऐकेनासा झाला’ म्हणजे आधी ऐकायचा, आता ऐकणं बंद झालं. दिसेनासा झाला, बोलेनासा झाला, सुचेनासं झालं, सगळे याच घराण्यातले. या ‘-नासा’त आधीचं सगळं आपोआप येतं: तो खडक, तो पाऊस, ती विझत आलेली ज्योत. ‘अवज्ञाकारी’त हे येत नाही, तो जन्मापासून तसाच असेल असं वाटतं. मादी असेल तर ऐकेनाशी झाली, पिल्लू असेल तर ऐकेनासं झालं. आणि ‘ॲशशी’ नव्हे, ‘ॲशचं’ ऐकेनासा झाला. जुमानणे वापरलंत तर ‘ॲशला’.

मुलगा अजून पुढे गेला नसेल तर थोडी गोष्ट फुटेल, पण सांगायलाच हवी. ऑरेंज बेटांवर एका भागात चारिझार्ड पॉलिरॅथ नावाच्या पाण्यातल्या पोकेमॉनकडून हरतो आणि बर्फात गोठून पडतो. ॲश शेकोटी करतो आणि रात्रभर त्याच्या अंगावर हात चोळत बसतो. दुसऱ्या दिवशी चारिझार्ड त्याचं ऐकतो.

ॲशने त्या रात्री जे केलं त्याला मराठीत शुश्रूषा म्हणतात. आज आपल्याला त्यात रुग्णालय दिसतं, पण हा ‘श्रु’ धातूचा इच्छार्थी शब्द आहे: ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूची शुश्रूषा करायची ती मुळात अशी, गुरू काय सांगतो त्याकडे कान लावून. त्यातून सेवा हा अर्थ आला आणि सेवेतून आजाऱ्याचं उशापायथ्याचं करणं. म्हणजे इतके दिवस ‘माझं ऐक’ म्हणून ओरडणारा मुलगा त्या रात्री पहिल्यांदा ऐकायच्या बाजूला बसला. मालिका लिहिणाऱ्यांना अर्थातच याची कल्पना नसणार, पण मराठीत गोष्ट सांगताना हा शब्द हाताशी आहे.

आठ वर्षांच्या मुलाला शुश्रूषा जड जाईल. त्याला सांगा, “ॲशने रात्रभर त्याचं सगळं केलं, मग तो ॲशचं ऐकायला लागला.”