रोबोटिक्सच्या मीटिंगा, कॅप्टनची चिडचिड अन पावणेसहाची बस

हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो, फक्त विषय बदलतो. कधी कबड्डी, कधी गॅदरिंगचा डान्स, आणि आता तीन-चार वर्षांपासून रोबोटिक्स. "मॅडम, पोरगा संध्याकाळी घरीच नसतो, अभ्यास पार बुडालाय, काढून घेऊ का टीममधून?" मी भुसावळ-यावल पट्ट्यातल्या शाळांमधे समुपदेशक म्हणून जाते, आठवड्यातून एक दिवस एका शाळेत. ही केस त्यातल्याच एका शाळेतली, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाहीये.

सप्टेंबरची सुरुवात होती, मुलाची आई आली. रेल्वे कॉलनीत घर, वडील लोको पायलट, म्हणजे ड्युटी कधी रात्री दोनला तर कधी भर दुपारी, त्यामुळे घरात दिवसा कोणीतरी झोपलेलंच असतं अन सगळ्यांचं बोलणं हळू आवाजात. मूळचे सोलापूरकडचे, बदलीवर आलेले. मुलगा नववीत, टीमचा कॅप्टन. रात्री पावणेनऊला येतो, ताट समोर ठेवलं तरी मोबाईलमधे बघत बसतो, काही विचारलं की अंगावर येतो, युनिट टेस्टला गणितात २० पैकी ७. "आधी असा नव्हता हो मॅडम."

खरं सांगते, मी आधी चुकलेच. नववीतला मुलगा, चिडचिड, मोबाईल, झोप नाही, म्हटलं हे तर नेहमीचंच. ताईंना सांगितलं रात्री दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत ठेवा अन पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी तो स्वतःच आला, माझ्यावरच चिडून. म्हणे, "मॅडम, फोनचा काय संबंध? ग्रुपवर मीटिंगचा मेसेज टाकतो, नऊ जणांतले चार जण येतात. कोणी सिरीयसच नाहीये, सगळं मी एकटा करतोय." आणि बॅगमधून टाइमटेबलची प्रिंट काढली. रंगीत होती, मेहनत घेतलेली. सोमवार ते शुक्रवार ५.३० ते ८.३०, रविवारी १० ते २. मी बेरीज केली, आठवड्याला १९ तास.

म्हटलं हे कुठून आणलंस रे? तर यूट्यूबवरून. अमेरिकेतल्या एका हायस्कूल टीमचे व्हिडिओ बघून त्याने ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

आता त्यात त्याची चूक नाही, पोरं आवडेल ते उचलतातच. पण मी पण मग थोडं वाचलं. तिकडे फर्स्ट नावाची संस्था आहे, डीन केमन यांनी १९८९ साली सुरू केलेली, त्यांच्या हायस्कूलच्या स्पर्धेत जानेवारीत त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो अन पोरं ५० किलोच्या आसपासचा रोबो बांधतात. पूर्वी त्याला सहा-साडेसहा आठवडेच मिळायचे, मग रोबो पिशवीत घालून सील करायचा, हात लावायचा नाही. २०२० च्या सीझनपासून तो नियम काढला. म्हणजे ते रात्री उशिरापर्यंतचं वेळापत्रक आलं त्या सहा आठवड्यांच्या घाईतून, शिवाय सोबत मोठे इंजिनिअर लोक मदतीला, अन कित्येक पोरं स्वतः गाडी चालवत येतात. आपल्या पोरांचा रोबो होता काळ्या पट्टीवरून चालणारा लाइन फॉलोअर, वजन किलोभर, स्पर्धा डिसेंबरअखेर, हातात तीन महिने. त्याला १९ तास कशाला लागतात?

पण असं तोंडावर सांगून पटत नाही. म्हणून एका बुधवारी मी मीटिंगला जाऊन बसले, घड्याळ अन वही घेऊन. शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, नीती आयोगाच्या योजनेतली, सहावी ते बारावीच्या पोरांसाठी, त्यामुळे सामान बरंच आहे. साडेपाचची मीटिंग. लॅबची चावी क्लार्ककडे, ते पाचला घरी गेलेले, मग शिपाई मामांना फोन, पाच पन्नासला दार उघडलं. बॅटरीचे सेल उतरलेले, कारण आदल्या दिवशी चार्जिंगला लावून जायचं कोणाचंच काम नव्हतं. लॅपटॉप एक, रोबो एक. एक जण अर्डुइनोत, म्हणजे रोबो चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डात, कोड टाकतो, बाकीचे मागे उभे राहून बघतात. नाही चाललं की म्हणे चाक ढिलं आहे, मग रोबो स्क्रूड्रायव्हरवाल्यांकडे, आता कोडवाले रिकामे. मधे वडापाव, मधे एक भांडण. तीन तासांत रोबो ट्रॅकवर पळाला तो सगळा मिळून २२ मिनिटं. मी तो आकडा कॅप्टनला दाखवला, तो काही बोलला नाही, फक्त वहीचं पान उलटून परत बघितलं.

त्याच दिवशी त्याने मला 'कॅज्युअल' लोकांची यादी पण दिली होती. पहिलं नाव एका आठवीतल्या मुलीचं. तिला कोडिंगवरून काढून पोस्टर बनवायला ठेवलेलं, का तर मीटिंगला येते अन पाच मिनिटांत पळते.

पुढच्या आठवड्यात मी जरा लवकर पोचले, पावणेदहा वाजले असतील, शाळा ११ ची. गेटच्या आत कडुलिंबाच्या पारावर ती पोरगी एकटीच बसलेली. वहीच्या मागच्या पानावर चौकोन अन बाण काढलेले, डावा सेन्सर काळ्यावर तर डावीकडे वळ, दोन्ही काळ्यावर तर चौक आहे, थांब अन मोज. आणि पेनाचं टोपण रोबो समजून वहीत काढलेल्या जाड रेघेवर सरकवत होती, चौक आला की तोंडाने "एक" म्हणायची. मी मागे उभी आहे हे तिला बराच वेळ कळलंच नाही.

विचारलं, तर म्हणे, "मॅडम, मले पावणेसहाची बस राहते. ती गेली की मग साडेसातची, ती फाट्यावर सोडते, तिथून अंधाराचं चालत जावं लागतं. पप्पा म्हणे मग नको जाऊ." तापीपलीकडचं गाव तिचं. मुलींना एसटीचा पास फ्री आहे हो, पण बस तर असायला पाहिजे. म्हटलं, कॅप्टनला सांगितलं नाही का? "सांगितलं ना. तो म्हणे अ‍ॅडजस्ट कर." आणि मीटिंगच्या वेळेचा व्हॉट्सअपवर पोल घेतला होता म्हणे, तेव्हा फोन पप्पांसोबत केळीच्या बागेत, म्हणून हिचं 'नो रिप्लाय'.

सकाळची बस तिला ९.३५ ला सोडते, पुढची आली तर शाळा बुडते. म्हणजे रोज जवळपास दीड तास. आठवड्याचे सात तास ती पोरगी कडुलिंबाखाली काढत होती अन टीम म्हणत होती हिच्याकडे वेळ नाही.

मग शनिवारी सगळ्या नऊ जणांना बसवलं, लॅब बघणाऱ्या सरांना पण. मोबाईल नाही, पोल नाही, प्रत्येकाला एक कोरा कागद. म्हटलं, जमतं ती वेळ लिहू नका, अडतं ती लिहा अन का अडतं ते पण लिहा. 'जमेल का' विचारलं की पोरं लाजेखातर हो म्हणतात अन मग येत नाहीत, हे मी बऱ्याच वर्षांत शिकलेय. कागदावर काय काय निघालं! दोघांची संध्याकाळची ट्यूशन, एकाचं दुकानावर बसणं, एकीला लहान भावाला सांभाळायचं. आणि कानबाई, आपल्या खान्देशातली देवी. श्रावणात ज्या रविवारी घरोघरी कानबाई बसली त्याच रविवारी कॅप्टनने पहिली मोठी मीटिंग लावली होती, सगळा भाऊबंद जमलेला, पुरणपोळ्या, घरातून पोरांना कोण सोडतंय? दोनच जण आले अन तो त्यांच्यावरच ओरडला. त्याच्या घरी कानबाई बसत नाही, त्याला माहीतच नव्हतं. हे ऐकून तो पहिल्यांदा हसला, म्हणे, "मला वाटलं सगळे मिळून दांडी मारतायत."

नवीन टाइमटेबल त्यानेच लिहिलं, मी फक्त बसची वेळ सगळ्यात वर लाल पेनाने लिहायला लावली. मंगळवार-गुरुवार सकाळी ९.४५ ते १०.४५ कोडवाले, बुधवार-शुक्रवार संध्याकाळी ५.१५ ते ६.४५ गावातले मेकॅनिकलवाले, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की १२ ते ३ सगळे, डबे घेऊन. कोणालाच सहा तासांच्या वर नाही, कॅप्टन सोडून, त्याने दोन्हीकडे हट्ट केला, मी आठ तासांवर तडजोड केली, नववीचं वर्ष आहे अन गणितात ७ आहेत हे त्याला परत आठवून देऊन. चावी आदल्या दिवशी सरांकडे, सेल लावायची पाळी फळ्यावर. रविवार सुट्टी. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात मीटिंगच नाही. आठवीच्या तिघांची डिसेंबरात एनएमएमएस, म्हणजे शिष्यवृत्तीची परीक्षा, पास झालं अन यादीत नाव लागलं तर वर्षाला १२,००० रुपये बारावीपर्यंत, गरिबाच्या घरी ही काही छोटी गोष्ट नाही, म्हणून त्यांना आधीचा पंधरवडा माफ. दहावीचे दोघं दिवाळीनंतर फक्त शनिवारी. आणि स्पर्धेच्या दहा दिवस आधी रोबो 'बंद', नवीन काही जोडायचं नाही, नुसता पळवायचा. तिकडचा पिशवीचा नियम त्यांनी काढला असेल, आपण लावून घेतला.

सरांना सकाळची वेळ पटत नव्हती, त्यांचं पण बरोबर, त्यांनाच लवकर यावं लागणार. पण पहिल्याच शनिवारी एक मजा झाली. महिनाभर संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नीट चालणारा रोबो दुपारी खिडकीजवळ पट्टी सोडून भलतीकडेच पळाला. ते इन्फ्रारेड सेन्सर असतात ना, उन्हात पण इन्फ्रारेड असतं, सगळे आकडे बदलतात. अन स्पर्धा तर दिवसा उजेडीच होती. उजेड बघून आधी सेन्सरचे आकडे घ्यायचे अन मगच पळवायचा, हा कोड लिहिला कोणी, तर पारावरच्या पोरीने. त्यानंतर सर सव्वानऊलाच यायला लागले.

स्पर्धेत बक्षीस नाही मिळालं, रोबो तिसऱ्या चौकात अडकला. चाकच ढिलं होतं, यावेळी खरंच.

तुमच्या घरी असंच चाललं असेल तर टीममधून काढायच्या आधी एकदा मुलाला विचारा, तिथे किती तास असतोस अन त्यातला किती वेळ तुझ्या हाताला काम असतं. आणि त्याच टीममधे कोण येत नाही, ते पण विचारा.

ताईंचा फोन आला जानेवारीत. मला वाटलं गणिताचं सांगतील, ते सांगितलं, २० पैकी १३. मग आवाज एकदम हळू. "मॅडम, रात्रीचं गेलं हो ते. पण आता सकाळी नऊलाच डबा मागतो, अन शनिवारी म्हणे दोन जणांचा दे, त्या बसवाल्या मुलीचा डबा सकाळपासूनचा असतो, गार होतो. हे रात्रपाळी करून आठला येऊन झोपतात, मी मिक्सर कधी लावू?"

म्हटलं ताई, चटणी रात्रीच वाटून ठेवा.