सरासरी बिलामुळे आजीचा बीपीएल दर गेला

प्रश्न: आजी एकटी राहते. दोन बल्ब, एक पंखा, महिन्याला २५ युनिटच्या आत वापर. ती पाच महिने लेकीकडे होती तेव्हा घर बंद म्हणून महावितरणने दरमहा ६० युनिटचे सरासरी बिल लावले. एप्रिलपासून तिचा बीपीएल दर, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांचा सवलतीचा वीजदर, गेला. मे महिन्यात खरे रीडिंग घेऊन युनिट वजा केले, पण दर साधा घरगुतीच राहिला. आता थकबाकीपोटी वीज तोडू म्हणतात.

उत्तर: ताई, आधी वीज वाचवा. वीज कायदा २००३, कलम ५६(१) प्रमाणे वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वायरमनचा तोंडी निरोप पुरत नाही. मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने दरमहा होणारी रक्कम, यांतली कमी असेल ती हरकत राखून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. भरण्याआधी कार्यालयात तसा अर्ज देऊन पोच घ्या. नुसते ऑनलाइन भरले तर हरकतीचा पुरावाच राहत नाही.

आता मूळ दुखणे. मंजूर भार ०.२५ किलोवॅटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटपर्यंत असेल, तरच बीपीएल दर लागतो. ही तपासणी मार्चअखेर होते आणि एकदा बाहेर गेलेला ग्राहक नियमाने परत येत नाही. म्हणून ‘आजीला पुन्हा बीपीएलमध्ये घ्या’ असे लिहू नका, तो अर्ज तिथेच संपेल. ‘वर्गबदल चुकीच्या युनिटवर झाला, तो १ एप्रिलपासून रद्द करून बिले दुरुस्त करा’ असे मागा.

पुरावा त्यांच्याच दप्तरात आहे. सीपीएल, म्हणजे ग्राहकाचा खातेउतारा, लेखी मागा. एप्रिल ते ऑक्टोबर १७५ युनिट खरे असतील, तर पाच महिन्यांचे सरासरीचे ३०० धरून ४७५ झाले. मेअखेरच्या रीडिंगनुसार नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत ४२ युनिट जळले असतील, तर दरमहा ६, मार्चपर्यंतचे ३०. वर्षाचा वापर २०५. हा हिशेब अर्जातच मांडा, मीटरचा फोटो जोडा. सरासरीचे युनिट हा वापर नव्हे, अंदाज आहे, आणि माझ्या मते अंदाजावर गरिबाची सवलत काढणे टिकणार नाही.

दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. मुदत दोन वर्षांची, पण थांबू नका. वीज न तोडण्याचा अंतरिम आदेश तक्रारीतच मागा. वकील लावावा लागत नाही. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येते.

आणि पुढे कधी सरासरी बिल आले, तर त्याच महिन्यात रीडिंगचा फोटो देऊन ते दुरुस्त करून घ्या, मार्च उजाडायच्या आत.