इंजिनाचे काम झाले, तरी धूर निळाच

प्रश्न : माझ्याकडे 1,200 सीसीची जुनी पेट्रोल मोटार आहे. रेडिएटरमधले पाणी संपून इंजिन तापले, म्हणून मध्यंतरी त्याचे पूर्ण काम करून घेतले. ब्लॉक रिबोअर झाला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केले, पिस्टन आणि रिंगा नव्या बसल्या. हेड मात्र साफ करून, व्हॉल्व्ह घासून परत लावले. त्यानंतर गाडी सुमारे 1,500 किलोमीटर चालली आहे. सकाळी पहिल्यांदा चालू केली की निळसर धूर येतो आणि मिनिटभरात थांबतो. कुंभार्ली घाट उतरून पोफळीजवळ ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा लोट उठतो. घाट चढताना किंवा महामार्गावर धूर दिसत नाही. एक मिस्त्री म्हणतात, रिंगा बसायला वेळ लागतो, चालवत राहा. दुसरे म्हणतात, इंजिन पुन्हा खोलावे लागेल. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : एवढा खर्च नुकताच झालेला असताना इंजिन पुन्हा खोलण्याचा सल्ला मनाला किती लागतो, याची मला कल्पना आहे. परंतु आपण धूर कधी येतो आणि कधी येत नाही हे इतके नेमके लिहिले आहे की, ब्लॉकला हात लावण्याची घाई करू नये, असे मी खात्रीने सांगू शकतो. माझा संशय हेडवर आहे, आणि त्यातही व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसून ऑइल अडवणाऱ्या सीलवर.

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, याबद्दल दोन्ही मिस्त्रींचे एकमतच असेल. प्रश्न ते कुठल्या वाटेने आत येते एवढाच आहे. रिंगा धरत नसतील तर इंजिनावर भार येताच, म्हणजे नेमका घाट चढताना, धूर सुरू राहतो, आणि ऑइलचे झाकण उघडल्यावर तिथून बॅक कॉम्प्रेशनचे, म्हणजे रिंगांमधून खाली निसटलेल्या वायूचे, झोत जाणवतात. आपल्याकडे उलट घडते आहे. गिअरमध्ये घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय निघालेला असतो, थ्रॉटल बंद असतो आणि इंजिन मात्र चाकांच्या ओढीने वेगाने फिरत असते. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार निर्वात तयार होतो आणि हेडवरचे ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून, गाईडमधून (दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून) खाली खेचले जाते. पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबताच ते साचलेले ऑइल एकदम जळते. सकाळचा धूरही याच वाटेचा, कारण रात्रभर थेंब थेंब झिरपलेले ऑइल पहिल्या मिनिटात जळून जाते. बोटाच्या पेराएवढी ही रबरी सीले इंजिन तापले की भाजून कडक होतात आणि दांड्याला घट्ट धरत नाहीत. आपले इंजिन तापले होते आणि सीले बदलल्याचा उल्लेख पत्रात नाही, म्हणून माझा संशय बळावतो.

तरीही खात्री करून घ्यावी, कारण ऑइल रिंगेत (सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खरवडणाऱ्या रिंगेत) दोष असेल तरीही घाट उतरल्यावर धूर येऊ शकतो. तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगेतल्या स्प्रिंगची टोके एकमेकांना टेकण्याऐवजी एकावर एक चढली, तर कॉम्प्रेशन उत्तम दाखवूनही इंजिन ऑइल पीत राहते. म्हणून केवळ कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नये. बहुतेक पेट्रोल इंजिनांत 150 ते 180 पीएसआय दाब मिळतो आणि चारही सिलिंडरांत फारसा फरक नसावा, एवढेच त्यातून कळते. त्याहून बोलका पुरावा स्पार्क प्लगचा. घाट उतरून आल्यावर इंजिन निवू द्यावे आणि चारही प्लग काढून क्रमाने फडक्यावर मांडावेत. एकच प्लग काळा, ओला, बोटाला चिकट लागणारा आणि बाकीचे तांबूस कोरडे असतील, तर त्या एका सिलिंडरची रिंग किंवा निसटलेले सील पाहावे. चारही सारखेच तेलकट असतील तर सीले-गाईड, किंवा अडकलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये सोडणारी झडप. हा शेवटचा भाग स्वस्त आहे; त्याची नळी काढून आत ऑइल गळते का ते सर्वांत आधी तपासावे.

रिंगा बसायला वेळ लागतो, हे म्हणणे खोटे नाही. पण नीट होनिंग केलेल्या (घासून बारीक रेघा पाडलेल्या) बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, त्या पहिल्या काही शे किलोमीटरांतच बऱ्याचशा बसतात, आणि त्यासाठी इंजिनावर भार यावा लागतो; अंगणात तासन्‌तास आयडलिंगवर ठेवल्याने बोअर उलट गुळगुळीत होतो. यापुढे दर 500 किलोमीटरला किती ऑइल घालावे लागले ते वहीत लिहावे. हे प्रमाण घटत असेल तर वाट पाहावी, तेवढेच राहत असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. एक काळजी मात्र घ्यावी : आपल्याकडची अंगणे उताराची असतात आणि उतारावर डिपस्टिक फसवते, म्हणून मोजणी नेहमी पेट्रोल पंपासारख्या सपाट जागीच करावी.

सीले बदलायला हेड उतरवावे लागत नाही, हे मिस्त्रींना जरूर सांगावे. प्लगच्या भोकातून होडीवर वापरतात तशी मऊ, स्वच्छ नायलॉनची दोरी आत सारून, तिचे टोक बाहेर ठेवून पिस्टन हळूच वर आणला की व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत आणि वरून स्प्रिंग काढता येते. त्याच वेळी व्हॉल्व्हचा दांडा हलवून गाईडमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे का ते पाहावे. प्ले असेल तर नवी सीले फार दिवस टिकणार नाहीत. मग हेड उतरवून गाईड बदलावेत, आणि तापलेले हेड वाकले नाही ना, हेही मशीन शॉपमध्ये तपासून घ्यावे. ब्लॉक तेव्हाही बंदच राहील. हे काम फार लांबवू नये, कारण जळणारे ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) निकामी करते.

प्रश्न : आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या माझ्या डिझेल जीपच्या इंजिनाचे काम झाले. आता सकाळी पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात. गरम झाल्यावर धूर जातो. हेड गॅस्केट गेले का? – एक वाचक, देवगड

उत्तर : तसे वाटत नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर हा न जळलेल्या डिझेलचा असतो. काम करताना डिझेल पंपाचे टायमिंग (डिझेल आत फवारण्याची वेळ) मागे राहिले असेल किंवा थंड इंजिन गरम करणारे ग्लो प्लग मेले असतील. आधी हे दोन्ही पाहावे, नंतर इंजेक्टर. कूलंटच्या धुराला गोडसर वास येतो आणि इंजिन तापल्यावरही तो थांबत नाही. तरी आठवडाभर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, रेडिएटरची पातळी पाहावी. ती कारणाशिवाय उतरत असेल तर जीप उभी ठेवावी, कारण सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.