“माझी मुलगी घरात एसी लावू देत नाही”

“ताई, शाळेत हे पर्यावरण शिकवणं थांबवा, असं सांगायचं तरी कुणाला?”

नेरूळहून लोकलने ठाण्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या आईचा हा पहिलाच प्रश्न. शेजारी तिची तेरा वर्षांची मुलगी मान खाली घालून बसलेली. तिला आपण रेवा म्हणू. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोन महिन्यांपासून रेवा रात्री रडत उठत होती. एसी लावला की बंद करायची, बाबांचा शॉवर जास्त वेळ चालला तर दार वाजवायची. एकदा बाबांनी गाडीच्या काचेतून वेफर्सचं पाकीट बाहेर टाकलं, तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलतच नव्हती. बाबा म्हणाले, “दोन धडे वाचून आली आणि घरात पोलीस झाली.”

हा प्रश्न हल्ली बरेच पालक विचारतात : मूल पर्यावरणाच्या विचाराने एवढं घाबरत असेल, तर त्याला हे सांगायचं की नाही? ही भीती खोटी नाही आणि ती फक्त रेवाची नाही. 2021 मध्ये भारतासह 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 तरुणांना विचारलं गेलं, त्यातले 59 टक्के हवामान बदलामुळे खूप किंवा अतिशय चिंतेत होते. रेवा त्यांच्याहून लहान, म्हणून तिला सावरण्याची गरज जास्त.

पहिल्या भेटीत मी तिला “काळजी करू नकोस” म्हटलं नाही. तिला काय काय माहीत आहे ते विचारलं. तापमानवाढीची दीड अंशाची मर्यादा, वितळणाऱ्या हिमनद्या, घाटकोपरजवळ मे 2024 मध्ये विमानाला धडकून मेलेले फ्लेमिंगो, सगळं तिने घडाघडा सांगितलं. मग मी विचारलं, “तुझ्या घरामागच्या खाडीत काय आहे?”

“मॅन्ग्रोव्ह.”

“जवळून पाहिलेस?”

“गाडीतून.”

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, हे तिला पाठ होतं. पण ओहोटीच्या चिखलात निवटी नावाचा छोटा मासा कसा उड्या मारतो, हे तिने पाहिलं नव्हतं. तिच्यापाशी धोक्याची माहिती भरपूर होती आणि त्या माहितीचं करायचं काय, तर फक्त घरच्यांना दटावायचं. शाळेत शंभरपैकी शंभर मिळालेला पाणी बचतीचा प्रकल्पसुद्धा आईनेच रात्री बारापर्यंत जागून केला होता. आईचा दोष मी काढत नाही, आपण सगळेच असं करतो. पण त्यातून मुलाला पर्यावरण हा मार्कांचा विषय वाटू लागतो.

खरी गाठ सुटली ती दुसऱ्या भेटीत, बाबा आले तेव्हा. ते साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातले. मी सहज विचारलं, लहानपणी पाणी कुठून यायचं? बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “टँकर यायचा. नाहीतर आड. अंधारात उठून शेंदायचं, दोन हंडे भरायला तास लागायचा. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात नळ मोजून सोडायचा नाही. आणि आता माझीच पोरगी दार वाजवते.”

रेवाने हे कधी ऐकलंच नव्हतं. तिला बाबा बेफिकीर वाटत होते. त्यांच्या लेखी मात्र मोकळा शॉवर म्हणजे त्या हंड्यांतून झालेली सुटका होती, आणि मुलीचं बोलणं त्यांना पुन्हा त्याच आडावर नेऊन उभं करत होतं. टंचाईत वाढलेला माणूस पाणी जपेलच असं नाही. जपण्याची त्याला लाजही वाटू शकते. घरात आजी भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून कुंड्यांना घालायची, तर बाबा पाहुण्यांसमोर ती बादली आत ढकलायचे. पाणी बचतीच्या प्रकल्पात शंभर मार्क मिळवणाऱ्या रेवाचंही त्या बादलीकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

मी आईला स्पष्ट सांगितलं, शिकवणं थांबवू नका. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, आपली मुलं तिसरीपासून परिसर अभ्यास शिकतात, ते हवंच आहे. पण ते एकटं पुरत नाही. लुईस चावला या संशोधिकेने केंटकी आणि नॉर्वेतल्या पर्यावरण कार्यकर्त्यांना तुम्ही याकडे कसे वळलात असं विचारलं, तेव्हा लहानपणी निसर्गात घालवलेला वेळ आणि घरची माणसं या दोन गोष्टी वारंवार पुढे आल्या. सोबत घेऊन जाणारं मोठं माणूस लागतं, हे मला माझ्या खोलीत बसूनही रोज दिसतं.

म्हणून रेवाला एवढंच दिलं : झोपण्यापूर्वी मोबाइलवर आपत्तीचे व्हिडिओ बंद. दर रविवारी बाबांबरोबर खाडीकाठी एक तास, हातात फक्त वही. आणि घरातली एकच गोष्ट तिच्या ताब्यात, ओला-सुका कचरा. त्यात तिने दुसऱ्यांना टोकायचं नाही, स्वतः करायचं. एसीचं सगळ्यांनी बसून ठरवलं : रात्री 26 अंशांवर, पंख्यासोबत. बाबांकडून मी एकच मागितलं, आडाची गोष्ट तिला पूर्ण सांगा.

पहिल्या रविवारी दोघं गप्पच फिरले. तिसऱ्या रविवारी बाबा निवटी बघायला उकिडवे बसले आणि उठायलाच तयार नव्हते, असं रेवाने हसत सांगितलं. तिची भीती पूर्ण गेलेली नाही, अजूनही एखादी बातमी वाचून ती गप्प होते. मात्र आता उठून बाबांच्या खोलीत जाते. बादली न्हाणीघराबाहेर उघड्यावर आली आहे, आणि ती तिथे बाबांनीच आणून ठेवली.

परवा आईचा मेसेज आला. या रविवारी ओहोटी सकाळी आहे, दोघं खाडीवर जाणार, तर भेट दुपारी चालेल का? मी तीनची वेळ दिली.