आधी एकांत, मग प्रश्न

अगं,

तुझा मेसेज वाचला. लैंगिक आरोग्याच्या सर्वेक्षणात लालबागच्या चाळीतल्या झाडून सगळ्या बायकांनी नवऱ्याशी 'त्या' विषयावर बोलत नाही असं सांगितलं, म्हणून 'लोक खोटं बोलतात, विषयच सोडते' म्हणतेस. डोंबल तुझं! दहा बाय बाराची खोली, पडद्याआड सासू भाकऱ्या थापतेय आणि तू सुनेला कंडोमबद्दल विचारतेस. मला तर एकदा पडद्यामागूनच उत्तर आलं होतं, "लिहा, आमच्यात नसतं तसलं." सून तोंडात पदर कोंबून हसत होती. फॉर्म कोराच ठेवला मी. आधी एकांत, मग प्रश्न.

हा काही माझा एकटीचा हट्ट नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही घरातल्या मारहाणीचे प्रश्न एकांत मिळाला तरच विचारतात. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक शिक्षणाच्या मासिकाला (१९२७ ते १९५३, याच मुंबईत) लोक नको नको ते विचारत, कारण पत्र लिहायला एक कोपरा पुरतो.

पुरुषांची तऱ्हा उलटी. शेजारी मित्र असला की जोडीदारिणींचा आकडा फुगतो, तोही पाच, दहा, वीस असा ठोकळ. पुरुषांच्या जोडीदारिणींची सरासरी आणि बायकांच्या जोडीदारांची सरासरी हिशेबाने जवळपास सारखी यायला हवी. पण सर्वेक्षणांत पुरुषांचीच जास्त भरते. खुशाल हस, पण नाक्यावर उभ्याने फॉर्म भरून घेऊ नकोस.

नाण्याची युक्ती जरूर वापर. वॉर्नर नावाच्या संशोधकाने १९६५ साली मांडलेल्या कल्पनेचाच तो प्रकार. उत्तर देणाऱ्याने नाणं आपल्याला न दाखवता उडवायचं. छापा पडला तर डोळे झाकून 'हो', काटा पडला तर खरं काय ते. शंभरांत साठ 'हो' आले तर पन्नास छाप्याचे, उरलेले दहा खरे, म्हणजे पन्नासात दहा. गुपित ज्याचं त्याच्यापाशी. फक्त आमच्या एका मावशींनी छापा मलाच दाखवून ठणकावलं, "नाही! मी का म्हणून खोटं बोलू?"

माझे फॉर्म नेहमी इतरांच्या निम्मे भरायचे. वरचे आळशी म्हणायचे, बढतीही रखडली, ते अजून टोचतं. पण त्यांच्या गठ्ठ्यांत सासवांची मतं होती, माझ्यात सुनांची. एकांत नाही तर फॉर्म नाही!

विषय सोडायचं नंतर बघू. आधी त्या चाळीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते विचार. दुपारी दोन ते चार, पापड वाळत असले तरी चालेल.