बारा टेन्स पाठ, तरी वाक्य चुकतंय?

"मॅडम, हिला बाराच्या बारा टेन्स पाठ आहेत, झोपेतनं उठवून विचारा, पण एक वाक्य धड लिहीत नाही. डोकंच नाही काय हो हिला?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या शिकवणीच्या रूमवर आलेल्या एका आईंचा प्रश्न, आणि असं विचारणारे पालक मला सारखे भेटतात. पोरगी नववीची, मराठी मीडियमची, मान खाली घालून बसलेली.

वहीत माइंड मॅप पण होता, म्हणजे मध्ये विषय आणि त्याला फुटलेल्या फांद्या असं चित्र, नेटवरनं उतरवलेला, तीन फांद्या, प्रत्येकीला चार डहाळ्या, स्केचपेननं रंगवलेला. देखणा होता, पण त्यात तिचं स्वतःचं एकही वाक्य नव्हतं.

मी म्हटलं, बाळ, काल काय केलंस ते मराठीत सांग. "आम्ही रंकाळ्याला गेलो होतो, भेळ खाल्ली." आता इंग्लिशमध्ये लिही. तिनं लिहिलं, वुई हॅड गॉन टू रंकाळा यस्टरडे. आईंनी लगेच कपाळाला हात लावला, पण अहो ही चूक डोक्याची नाही, मराठीतनं आलेली आहे! आपण "गेलो होतो" हे नुसतं काल घडलेलं सांगताना पण म्हणतो, आणि इंग्लिशमध्ये तिथं साधं वेन्ट लागतं, हॅड गॉन कधी, तर भूतकाळातल्याच दुसऱ्या गोष्टीच्या आधी ते झालं असेल तर.

मग कोरा कागद आडवा धरला, मध्ये चित्र आणि एका फांदीवर एकच शब्द, ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली हीच पद्धत. मध्ये तिनं रंकाळा काढला. एक फांदी "काल", त्यावर वेन्ट. दुसरी "पावसाआधी", तिच्या टोकाला, वुई हॅड ईटन भेळ बिफोर इट रेन्ड. तिसरी "आत्ता", तिथं आर ईटिंग लिहून शेजारी तिनंच आपलं कोल्हापुरी "खायलोय" लिहिलं आणि पहिल्यांदा हसली. पुस्तकातल्या "खात आहोत"पेक्षा तिला ते जवळचं वाटलं, मला पण.

आईंना सांगितलं, ताई, तयार मॅप आणून देऊ नका, चुकू दे, खोडू दे, तिची वाक्यं तिलाच घालू दे. आणि गो-वेन्ट-गॉन पाठच करावं लागतं हो, तिथं मॅपचा फार उपयोग नाही.

तीन आठवड्यांनी तोच कागद घेऊन आली, कडा दुमडलेल्या, भेळेचा डाग पडलेला. चौथी फांदी वाढवली होती, हॅव ईटन. त्यावर यस्टरडे लिहून लाल पेननं खोडलेलं, आणि खाली बारीक अक्षरात, "हे इथं चालत नाही, माझं मलाच सापडलं."